सासरे टेकोड्यांनी गेले नाहीत

१८ जुलै २०२३, मंगळवार. सकाळी ७.१०

आज अधिक श्रावण लागला. धोंड्याचा महिना. सासरवाडीने जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, तेहतीस अनारसे हातावर ठेवायचे. दर तीन वर्षांनी एकदा येतो. यंदा नेमका आला, यात मला निसर्गाचा पाठिंबा दिसतो.

रोजनिशी सुरू. नियम तीन. एक, खरं लिहायचं. दोन, वेळ टाकायची. तीन, वैजयंतीला आपण होऊन फोन करायचा नाही. तिचा आला तर तिसऱ्या रिंगला उचलायचा. पहिल्याच रिंगला उचलला की माणूस रिकामा वाटतो.

वही फक्त माझ्यासाठी आहे, तरी शास्त्रीय शिस्त म्हणून पार्श्वभूमी नोंदवतो. पत्नी वैजयंती वर्षभरापासून माहेरी, अनसिंगला. कारण: गैरसमज. गेल्या आखाडात सासू-सासरे आणि साळा मुन्ना आमच्याकडे शेलूबाजारला आले होते. मी माळावरून टेकोडे आणले. टेकोडे म्हणजे पावसाळ्यात उगवणारी रानातली अळिंबी, जिला शहरात मशरूम म्हणून फ्रीजमध्ये ठेवतात. मी स्वतः चिरले, स्वतः फोडणी दिली. सासरे मारोतराव आणि मुन्ना, दोघांनी खाल्ले. सासूबाईंना उपास होता. वैजयंती मागून बसणार होती तोवर भांडं रिकामं झालं. मी दाढ काढलेली असल्याने ताक-भातावर होतो. आठव्या दिवशी मारोतराव वारले. मुन्ना दहा दिवस दवाखान्यात राहून वाचला. लोकांनी या दोन गोष्टी जोडल्या. लोकांना जोडायची सवयच असते.

संकल्प: महिना संपायच्या आत निर्दोषत्व सिद्ध करणे, धोंडे खाणे, वैजयंतीला घेऊन परत येणे.

२० जुलै, गुरुवार. दुपारी ४

शाळेतला क्लार्क उत्कर्ष, लग्नाला आठ महिने, त्याला पहिल्याच आठवड्यात बोलावणं. दिवसभर शर्टाचं माप सांगत फिरत होता. मी फक्त हसलो. माझं बोलावणं शेवटच्या आठवड्यात येईल. भारदस्त घरांत घाई नसते.

एक शंका होती, ती सोडवली. घरात माणूस गेल्यावर वर्षभर सणवार करत नाहीत. पण सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आखाड संपायच्या आत उरकलं, असं ऐकलं. (मला पत्रिका मिळाली नाही. पोस्टाचा कारभार.) म्हणजे आता अडचण उरली नाही. वर्ष अगदी वेळेवर संपलं.

२२ जुलै, शनिवार. सकाळी १०.३०

धो धो पाऊस. शाळेला सुटी. मी शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. गावात मास्तर म्हणतात. सोळा वर्षं झाली, दुरुस्त करत बसत नाही. परीक्षानळी मीच धुतो, मीच लावतो, विज्ञानाचे सर फक्त तिच्याकडे बोट दाखवतात. तेव्हा शास्त्र कोणाच्या हातात आहे हे सांगायला नको.

अहवाल लिहायला घेतला. मुख्य पुरावा म्हणजे वेळापत्रक. ते मला मिनिटानिशी पाठ आहे.

रविवार, सकाळी ११.३०: जेवण. त्यानंतर दहा तास दोघेही ठणठणीत. सासऱ्यांनी दुपारी झोप काढली, संध्याकाळी टीव्हीवर कीर्तन पाहिलं. साडेनऊनंतर उलट्या, जुलाब. सोमवारीही तेच. मंगळवारी संध्याकाळपासून आराम. बुधवारी सासरे दवाखान्यात उठून बसले, चहा-बिस्कीट घेतलं. मले घरी न्या, म्हणाले, इथं कायले पैसे घालवता. मला जवळ बोलावून म्हणाले, जवाईबापू, काई नाही, पित्त झालं होतं. गुरुवारी डोळे पिवळे. पुढच्या रविवारी गेले.

आता कोणीही सुज्ञ माणसाने सांगावं. विष असतं तर माणूस ताटावरच आडवा झाला असता. दहा तास विष काय करत बसलं होतं? आणि बुधवारी काय विषाने किरकोळ रजा टाकली होती?

दवाखान्याच्या कागदावर लिव्हर निकामी असं लिहिलंय. सासरे तंबाखू खायचे, हे कोणीच का पाहत नाही?

२४ जुलै, सोमवार. संध्याकाळी ६

प्रयोग क्र. १. हायवेच्या कडेला तांड्यावरची हिरीबाई पळसाच्या पानावर टेकोडे मांडून बसते, तिच्याकडून वाटा घेतला. लग्नातलं चांदीचं नाणं टाकून शिजवले: नाणं काळं पडलं नाही. लसूण टाकून पाहिला: निळा झाला नाही. छत्रीची साल ओढली: निघाली. आत अळी सापडली, म्हणजे किड्यालाही चालतं. चारही कसोट्या पास. मग खाल्ले. उत्तम लागले. रात्रभर काही होणार नाही याची खात्री आहे.

निष्कर्ष: टेकोडे निर्दोष.

एक बारीक आक्षेप मनात आला, की हे टेकोडे हिरीबाईचे, गेल्या वर्षीचे माझे. पण नमुना तो नमुना. एका भाताच्या शितावरून अख्खं पातेलं कळतंच की. तळटीप द्यायची गरज नाही.

२६ जुलै, बुधवार. दुपारी १.१५

अहवाल पूर्ण. चौदा पानं, रंगीत मुखपृष्ठ, मागे माझा ॲप्रनमधला फोटो. एक प्रत रजिस्टर पोस्टाने सासूबाई मनकर्णाबाईंना. त्यांना वाचता येत नाही, पण मुन्ना वाचून दाखवेल. त्यातून मायलेकांत चर्चाही होईल. दुसरी प्रत पीडीएफ करून सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

दुपारी १.४०: पाच जणांनी पाहिला.

दुपारी १.५२: मुन्ना ग्रुपमधून बाहेर पडला. अनसिंगला नेटवर्कचा त्रास आहे.

दुपारी २.०५: वैजयंतीनेही ग्रुप सोडला. नेटवर्क फारच खराब दिसतं.

२९ जुलै, शनिवार. सकाळी ११

हिरीबाईची साक्ष अहवालात जोडावी म्हणून गेलो. तिला सगळं नीट सांगितलं, की मी माळावरच्या निलगिरीखाली पांढरेशुभ्र टेकोडे पाहिले आणि स्वच्छ काम असावं म्हणून जमिनीपासून बोटभर वर ब्लेडने कापले. माती नाही, कचरा नाही. सर्जनसारखं.

तिने हातातली टोपली खाली ठेवली. म्हणे, बुडापासून नाही उपटले? मी म्हटलं, माती कशाला घरात आणायची. मग म्हणे, मास्तर, आमी पुरं उकरून पाह्यतो. वारुळातल्या टेकोड्याचा दांडा खाली मुळीवानी खोल जाते. अन् ज्याच्या बुडाले वाटीवानी पिशवी राह्यते, त्याले आमी हात नाही लावत, लेकरालेही लावू देत नाही. तुमी त बूडच तिथं ठेवून आले. पाहाचं होतं थेच नाही पाह्यलं.

मी विचारलं, मग चांदीचं नाणं? ती म्हणे, नाण्याले काय कळते बाप्पा. आमच्या तांड्यात साऱ्या जल्माच्या जाणत्या बायाही फसल्या हायेत. मी तरी घेतानी दहादा पाह्यतो अन् शंका आली का फेकतो.

साक्ष जोडत नाही. अनुभवाचं ज्ञान असतं अशा लोकांकडे, पण त्यात शास्त्रीय बैठक नसते.

३० जुलै, रविवार. दुपारी १२.२०

माळावर गेलो. फिरायला म्हणूनच. निलगिरीखाली, गेल्या वर्षीच्याच जागी, सहा उभे होते. पांढरेशुभ्र, रुबाबदार. इतकी देखणी गोष्ट वाईट असूच शकत नाही.

उकरून बघणार नव्हतो. गरजच नव्हती. पण खुरपं सोबत होतंच. बुडाशी पांढरी पिशवी, अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी. माती चिकटून तसा आकार आला असावा. दुसरं उकरलं. मग तिसरं. सहाही ठिकाणी माती अगदी सारखीच चिकटली होती.

एक नमुना फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकला, पाच कागदी पिशवीत ठेवले. घरी येऊन हात साबणाने तीनदा धुतले. स्वच्छतेची सवय आहे.

३० जुलै. रात्री ८

मोठा निर्णय. हे पाच मी स्वतः खाणार. मोबाईलवर व्हिडिओ लावून, घड्याळ समोर ठेवून, चोवीस तासांची नोंद. व्हिडिओ अनसिंगला पाठवायचा. मग बघू कोण ग्रुप सोडतं. उद्या सकाळी ठीक आठ.

३१ जुलै, सोमवार. सकाळी ८.०५

सोमवार. अधिकातला असला म्हणून काय झालं, श्रावण तो श्रावणच. उद्या.

१ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ८

उद्या शाळेत तपासणी आहे. उलटी होणार नाहीच, पण तिखटाने एखादी झाली, तर निष्कर्षात भेसळ होईल. उद्या संध्याकाळी.

२ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी ७

टेकोडे शिळे झाले. शिळ्यावर प्रयोग करणं अशास्त्रीय. फेकून दिले. म्हणजे परसात पुरले. हातभर खड्डा केला, वर दगड ठेवला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. कुत्र्यांना कच्चं पचत नाही.

५ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ९.३०

पावसाने पाठ फिरवली. सोयाबीनवाले आभाळाकडे बघतायत. माळावर एकही टेकोडा नाही. रोज जाऊन बघतो आणि एकही नाही याची खात्री करून येतो. खायला तयार असलेला माणूस आणि निसर्गाचं असहकार्य. येताना पाय हलके वाटतात. सकाळच्या चालण्याचा फायदा.

६ ऑगस्ट, रविवार. दुपारी ३.४०

वैजयंतीचा फोन! एक रिंग. दुसरी रिंग. नियमाप्रमाणे तिसरीची वाट पाहिली. तिसरी आलीच नाही.

परत लावला नाही. नियम क्र. ३.

नियम क्र. १ प्रमाणे: चारदा लावला. उचलला नाही. पाचव्यांदा बंद होता.

सात वर्षांच्या संसारात तिने मला कधी मूर्ख म्हटलं नाही. बाबा गेले त्या दिवशीही नाही. फक्त पिशवी भरली आणि जाताना म्हणाली, गॅस बंद करत जा. मी अजूनही रोज बंद करतो.

८ ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळी ७.३०

सासरचे अडाणी पडतात, त्यांना सही-शिक्क्याचं लागतं. म्हणून रजा टाकून कृषी महाविद्यालयात गेलो. तिथे अळिंबीचा विषय सुकेशनी मॅडमकडे आहे. वय तिशीच्या आत. बरणी पिशवीत ठेवूनच आधी वेळापत्रकाचं पान पुढे केलं, कारण तेच माझं हुकमी पान. म्हटलं, फक्त एवढ्यावर सही द्या, की दहा तासांनी होणारा त्रास विषाचा असू शकत नाही.

मॅडमनी वाचलं. परत वाचलं. मग खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. मी म्हटलं, चहा चालेल.

मॅडम म्हणाल्या, की सर, लगेच उलटी करवणाऱ्या छत्र्या बहुतेक वेळा माणसाला सोडतात. जी मारते ती आधी सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, गप्प बसते. मग उलट्या-जुलाब. मग एखादा दिवस आराम पडतो, पेशंट उठून बसतो, चहा मागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. त्या वेळात लिव्हर आतून संपत असतं. नंतर डोळे पिवळे होतात. म्हणाल्या, तुमच्या बुधवारची नोंद मी वर्गात शिकवते तशीच्या तशी आहे. शिजवून हे विष जात नाही, नाण्याने कळत नाही, किडे खातात त्यावरून काही ठरत नाही.

मग बरणी काढली. मॅडमनी ती हातात घेतली नाही, टेबलावर फिरवून पाहिली. नेमकी जात तपासल्याशिवाय सांगणार नाही, म्हणाल्या. गेल्या वर्षी कोणती होती हे तर आता कोणीच सांगू शकणार नाही. पण ही पिशवी दिसल्यावर मी माझ्या घरच्या कोणालाही खाऊ दिली नसती. मग हळूच विचारलं, की हे कोणाचं वेळापत्रक आहे.

मी म्हटलं, एका परिचिताचं.

सही दिली नाही. चहा चांगला होता.

९ ऑगस्ट, बुधवार. सकाळी ६.५०

रात्री विचार केला. मॅडम हुशार आहेत, पण अनुभव कमी. पुस्तकातलं एक उदाहरण जुळलं म्हणून लगेच निदान करणं, हा आजच्या पिढीचा दोष. बुधवार काय कोणाच्याही आयुष्यात येतो.

तरी अहवालातलं वेळापत्रकाचं पान तात्पुरतं काढून ठेवलं. तेरा पानांचा अहवालही भारदस्त दिसतो.

१०.१५: पण मग अहवालात उरतं काय? नाण्याचा फोटो, माझा फोटो आणि तंबाखूविषयी दोन पानं.

११ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १२.३५

मुन्नाचा फोन. एका रिंगला उचलला. (नियम वैजयंतीपुरता होता.) म्हणे, भाऊजी, आई म्हनते रविवारी जेवाले या. धोंड्याचं. मी म्हटलं, अरे, वैजयंती काय म्हणते? म्हणे, तुमी या, मंग बोलू. ठेवला.

आलं! आलं बोलावणं! म्हटलं नव्हतं शेवटच्या आठवड्यात येईल? उत्कर्षला लगेच सांगितलं. त्याने पेन खाली ठेवून, खरंच का, असं दोनदा विचारलं. लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं पचत नाही.

अहवाल वाचला त्यांनी. सत्य उशिरा पोहोचतं, पण रजिस्टर पोस्टाने पाठवलं की पोहोचतंच. घर झाडून काढलं. वैजयंतीच्या उशीचा अभ्रा धुतला. गाद्या उन्हात टाकल्या.

१२ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी ५

तयारी. पांढरा शर्ट इस्त्री. दाढी उद्या. जाताना रिकाम्या हाताने नको म्हणून हिरीबाईकडे गेलो. म्हटलं, चांगल्यातला चांगला वाटा दे, सासरी न्यायचाय. सर्वांसमोर बनवून, सर्वांसोबत मीही खाईन, विषयच संपेल.

हिरीबाईकडे कुठून तरी दोन वाटे होते. तिने त्यांवर पदर टाकला. म्हणे, तुमाले नाही देत. मी म्हटलं, पैसे दुप्पट घे. म्हणे, मास्तर, पैशाचं नाही. त्या घरात आता टेकोड्याचं नावबी काढू नोका. तुमाले लोकाईचं मन कसं दिसत नाही?

पेढे घेतले. अर्धा किलो.

१३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.२०

पहिल्या एसटीने निघतो. वाशीमला गाडी बदलायची. परतीच्या दोन सीट विचारून ठेवीन. खिडकीची तिला लागते.

१४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ११

काल परत आल्यावर लिहिलं नाही. आता लिहितो. नियम एक.

साडेदहाला पोहोचलो. मुन्नाने गेटवर हात जोडले. तो अजून बारीकच आहे, जेवणाआधी गोळी घेतो. बैठकीत मारोतरावांचा फोटो, ताजा हार. समोर रांगोळी, पाट, चांदीची वाटी. शेजारच्या बाईंनी औक्षण केलं. धोंड्याचं वाण लेक-जावयाला जोडीने देतात. मी दुसऱ्या पाटाची वाट पाहिली. एकच पाट मांडलेला होता.

स्वयंपाकघरातून बांगड्या ऐकू येत होत्या. धोंडे वैजयंतीनेच केले होते. सारण तिच्या हातचं होतं, जायफळ जास्त. तीन खाल्ले. मी बोलतच होतो. पावसाबद्दल, शाळेच्या तपासणीबद्दल, एसटीच्या वेळेबद्दल. कोणीच मला थांबवलं नाही.

जेवण झाल्यावर मनकर्णाबाईंनी कपडे दिले, अनारशांचा डबा दिला, पाच भांड्यांचं वाण दिलं. वाकून नमस्कार करायला गेलो तर मागे सरल्या. मग बसल्या आणि बोलल्या. आवाज चढला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

म्हणे, जवाईबापू, हा तुमचा मान होता, थो ठेवला. या घरातून कोनाले उपाशी काढत नाहीत. आता याच्यापुढं येऊ नोका. वैजू येनार नाही.

मी म्हटलं, आई, अहवालात सगळं आहे, किती वाजता काय झालं ते. त्या म्हणे, मुन्नानं वाचून दाखवला मले. घड्याळ हाय त्याच्यात. तुमीबी हाय. मुन्नाचे बाबा कुठीच नाही.

मग म्हणे, त्याहिले टेकोडे आवडत नव्हते. साऱ्या जल्मात तोंडाले लावले नाही, वासबी सहन होत नव्हता. मी थाळी पाहून डोळ्यानं नोका म्हटलं, त त्याहिनं मलेच डोळ्यानं चूप केलं. मंग बाहीर येऊन म्हने, पोरीचं घर हाय, जवायानं हातानं रांधलं, नाही कसं म्हनू.

मुन्ना दाराकडे बघत होता. स्वयंपाकघरातल्या बांगड्या थांबल्या होत्या. मी पेढे कुठे ठेवू असं विचारलं. असं का विचारलं ते मला माहीत नाही.

निघताना वैजयंती दाराच्या चौकटीत आली. वाळली आहे. मी म्हटलं, चल. ती म्हणे, मागच्या रविवारी आई बाहीर गेली तवा मी फोन केला होता, बोलावनं आलं तरी येऊ नोका, आई कायले बोलावनार थे मले मालूम हाय, असं सांगाले. तुमी उचललाच नाही.

१४ ऑगस्ट. संध्याकाळी ६

कपड्यांचं माप बरोबर आहे. वैजयंतीनेच सांगितलं असणार.

१५ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी २

झेंडावंदन. मुलांनी भाषणं केली. उत्कर्षने विचारलं, झालं का धोंड्याचं, वहिनी आल्या का? मी म्हटलं, अधिक महिन्यात लेकीला पाठवत नाहीत, निज श्रावणात येईल. तो बरं म्हणाला. त्याला खरं वाटलं. मलाही दहा-पंधरा मिनिटं वाटलं.

बरणीतला नमुना नष्ट केला. वेळापत्रकाचं पान परत अहवालात लावलं. आता चौदा झाली.

१६ ऑगस्ट, बुधवार. सकाळी ११.४५

अमावस्या. धोंड्याचा महिना आज संपला.

अनारसे मोजले. तेहतीस आहेत. शाळेत वाटायला न्यावेत असं वाटलं, पण माझ्या डब्यातलं कोणी खाणार नाही, हे मला गेल्या वर्षीपासून माहीत आहे. इतके दिवस मी म्हणत होतो, की स्टाफला गोड चालत नाही.

मी त्या दिवशी पाच टेकोडे का खाल्ले नाहीत, तेही लिहून ठेवतो. सोमवार होता म्हणून नाही. मला भीती वाटली. सहाव्याचं बूड उकरलं तेव्हाच मला कळलं होतं. मॅडमकडे गेलो तेव्हाही कळलेलं होतं. मी मारलं. मुद्दाम नाही, पण मीच.

अहवालात एक नोंद राहून गेली आहे. ती मी कोणाला सांगितलेली नाही. सासूबाई तेव्हा पाणी आणायला आत गेल्या होत्या. वेळ साधारण ११.४०. मारोतरावांनी ताटावर हात आडवा धरला, पुरे म्हणून. मी हसलो, म्हटलं, मामा, जावयाच्या हातचं आहे, आणि त्यांचा हात धरून बाजूला केला. मग आणखी दोन डाव वाढले. हाताला जोर नव्हता. लगेच बाजूला झाला.